पुसल्यावर हात लावायचा नाही

आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना दारातच सांगावं लागतं, की खुर्चीवर काही ठेवलेलं असेल तर ते उचलून बाजूला करायला जाऊ नका. माझ्या आत्याचे यजमान एकदा सौजन्य दाखवायला गेले आणि तीन आठवडे कमरेला पट्टा बांधून फिरले. खुर्चीवर खोदाई मशीनचा रोलर वाळत ठेवला होता. दिसायला लहानशा कलिंगडाएवढा, वजनाला त्यांच्या अंदाजापेक्षा तीसेक किलो जास्त. आत्या अजून आमच्याकडे आली की उभीच राहते.

आम्ही रंगारी आहोत, पण भिंतींचे नाही. खोदाई मशीन, लोडर, रस्ते दाबायची मशीन यांचे सुटे भाग दुरुस्त होऊन आमच्याकडे येतात. आम्ही ते घासतो, धुतो, त्यांना प्रायमर मारतो, वर पिवळा रंग मारतो आणि परत पाठवतो. परत गेल्यावर ते चिखलात जातात आणि महिन्याभरात त्यांचा रंग कुणाला दिसतही नाही. यावर वाईट वाटून घ्यायचं नसतं, असं माझे वडील, म्हणजे आबा, सांगतात. रंग दिसण्यासाठी नसतो, गंज न दिसण्यासाठी असतो, असं त्यांचं म्हणणं.

आबा पस्तीस वर्षं एका मोठ्या वर्कशॉपच्या रंगखात्यात होते. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, आबांनी घरातली गाडीची खोली रंगाची केली. आमच्याकडे गाडी कधीच नव्हती, त्यामुळे विरोध करायला कुणाला सबब मिळाली नाही. छताला लोखंडी तुळई, तुळईला चेनपुली, भिंतींना प्लास्टिकचे पडदे, खिडकीत पंखा आणि पंख्यापुढे ओलं गोणपाट. तरीही थोडा रंग बाहेर जातो. शेजारच्या मास्तरांची पांढरी गाडी आमच्या बाजूने दोन वर्षांत हळूहळू पिवळट झाली. मास्तरांच्या ते लक्षातच आलं नव्हतं, कारण रंग सगळीकडे अगदी सारखा बसला होता. ते भांडायला आले तेव्हा आबांनी गाडीवरून हात फिरवला आणि "कुठे ओघळ नाही, बघा," असं समाधानाने म्हणाले. मास्तर तेव्हापासून आमच्याशी बोलत नाहीत.

मी पूर्वी एका कार्यालयात पत्रं टाइप करत होते. आठ वर्षांपूर्वी आबांचा खांदा धरला आणि रंग मारायची गन उचलेना, म्हणून मी महिनाभर मदतीला आले. तो महिना अजून चालू आहे. लग्नाचं म्हणाल तर तो वेगळा विषय आहे आणि त्यावर नातेवाइकांचं सगळं बोलून झालेलं आहे.

गन धरायला मी पंधरा दिवसांत शिकले. लोखंडापासून एक वीत लांब धरायची, हात मनगटातून वळवायचा नाही, खांद्यातून न्यायचा, आणि आधीच्या पट्ट्यावर अर्धा पट्टा चढवत जायचं. खरी विद्या त्याच्या आधीची. भाग घासून झाला की थिनरने पुसायचा. दोन फडकी लागतात, एक ओलं आणि एक कोरडं. ओल्याने तेलकटपणा सुटतो, तो सुकायच्या आत कोरड्याने उचलायचा. एका भागाला दोन फडकी, मग ती बादलीत. ही फडकी आबा जुन्या पांढऱ्या चादरीतून स्वतः कापतात आणि मोजून देतात. आणि एकदा पुसलं की हात लावायचा नाही. कुणीच नाही. बोटाच्या तेलावर प्रायमर धरत नाही, तिथून तो मागे सरतो आणि बारीक बारीक खड्डे पडतात, माशाच्या डोळ्यांसारखे. न पडले तरी पुढे कधीतरी त्याच जागी रंग सुटतो.

या एका नियमावर आमचं घर चालतं. रंगाच्या दिवशी आईने तळण करायचं नाही, कारण तेलाची वाफ खोलीत येते. मी केसांना तेल लावायचं नाही. मी पहिल्या वर्षी एकदा पुसलेल्या झाकणावरची माशी हाताने हाकलली, तर आबांनी मला ते झाकण तीनदा पुसायला लावलं आणि माशीला एक शब्द बोलले नाहीत.

आबांचं स्वतःचं काम म्हणजे शेवटची नजर. मी पुसून झालं की मागच्या व्हरांड्यात जाते, प्रायमरमध्ये हार्डनर मोजून मिसळते, गाळते, गन भरते. तेवढ्या वेळात आबा त्या भागाबरोबर एकटे असतात. बॅटरी आडवी धरून, उजेड लोखंडावर घासून जाईल अशी, ते एकेक इंच बघतात. मी गन घेऊन आले की म्हणतात, "घ्या." मला एरवी 'ठमे' म्हणतात, आईला 'अगं' म्हणतात, पण त्या क्षणी 'घ्या'. ती वर्कशॉपमधली सवय. मग ते मागे कॉम्प्रेसरपाशी जाऊन बसतात आणि मी सुरू करते. आबांनी 'घ्या' म्हटल्याशिवाय आठ वर्षांत मी घोडा दाबलेला नाही.

तर गेल्या महिन्यात यार्डचा सुपरवायझर आला. मशीन दुरुस्त होतात ते हे यार्ड, आणि तिथलं रंगाचं सगळं काम आम्हीच करतो. हा माणूस नवीन होता, वयाने माझ्याएवढा, वाईट नव्हता. तो म्हणाला, "मिस्त्री, वरचे लोक म्हणतायत की रंगाचं काम कारखान्यात द्यावं. तिथे बंद खोली आहे, भट्टी आहे. मी म्हटलं, आधी घरचं काम तपासू. सहा भाग पाठवतो. चार रोलर, एक लिंक, एक बकेट. दहा दिवसांनी शनिवारी येईन, मला वाटेल त्या भागावर पात्याने जाळी कापेन आणि टेप लावून ओढेन. टेपवर रंग आला तर माझ्या हातात काही नाही."

"ओढ," आबा म्हणाले. "टेप चांगली आण म्हणजे झालं."

पहिला रोलर मी टांगला, पुसला, आबांनी 'घ्या' म्हटलं, मी प्रायमर मारला. आणि बघता बघता एका बाजूला खड्डे उठले. पाच-दहा नाही, चांगला तळहाताएवढा डाग. मी ओरडले. आबा आले, रोलरला नाक लावून उभे राहिले आणि म्हणाले, "तेल."

मग चौकशी झाली. आबांनी आधी माझे केस हुंगले. मग स्वयंपाकघरात जाऊन कढई बघितली. कढई कोरडी होती, पण झारा ओला होता.

"काय तळलंस?"

"बटाट्याचे काप," आई म्हणाली. "चारच."

"चार कापांनी रोलर गेला."

आईवर शनिवारपर्यंत तळणबंदी आली. तिने वाद घातला नाही. आई एरवी मीठ कमी झालं म्हटलं तरी पंधरा मिनिटं बोलते, त्यामुळे मला जरा नवल वाटलं. पण मी ओला प्रायमर थिनरने धुवून काढण्यात गुंतले होते, आणि नवल तिथेच राहिलं.

दुसऱ्या रोलरच्या दिवशी घरात काहीही तळलं नव्हतं. फोडणीसुद्धा नव्हती. आम्ही उकडलेलं जेवलो आणि कुणी त्याबद्दल बोललं नाही. तरी खड्डे पडले. आता आबांचा संशय मास्तरांवर गेला. मास्तर मुद्दाम आमच्या खिडकीखाली काहीतरी तळत असणार, असं त्यांनी ठरवलं आणि संध्याकाळभर कुंपणापाशी वास घेत उभे राहिले. मास्तरांनी घरातून पडदा ओढून घेतला.

तिसऱ्या दिवशी मी लिंक घेतली. लिंक म्हणजे माती उपसणाऱ्या बकेटला मशीनच्या दांड्याशी जोडणारा जाड दुवा, दोन्ही टोकांना भोकं आणि मध्ये छान सपाट पाठ. भोकांना टेप लावली, पुसलं, गन भरून आणली. आबा म्हणाले, "घ्या," आणि मागे गेले. मी पहिला हात मारला. करडा प्रायमर सरळ बसला, आणि मग सपाट पाठीवर एका जागी मागे सरायला लागला. मी बघत राहिले. रोलर गोल असतो, त्याच्यावर डाग नुसता डागच दिसतो. लिंक सपाट होती. तिच्यावर अंगठा आला, तर्जनी आली, मधलं बोट अर्ध्यातच संपलं, मग त्याच्या शेजारचं, मग करंगळी.

आबांचं उजव्या हाताचं मधलं बोट दोन पेरांनी तोकडं आहे. सव्विसाव्या वर्षी वर्कशॉपच्या प्रेस मशीनमध्ये गेलं. आमच्या घरात, आणि माझ्या माहितीत मास्तरांच्याही घरात, असा दुसरा हात नाही.

मला आधी राग आला, हे सांगायला हवं. आठ वर्षं मी माशी हाकलली म्हणून बोलणी खाल्ली होती, केस कोरडे ठेवून ठेवून त्यांचा झाडू झाला होता, आणि हे स्वतः पुसलेल्या लोखंडावर पंजा ठेवत होते. मी गन खाली ठेवली, मागे जाऊन चार गोष्टी सुनावायच्या म्हणून निघाले, आणि प्लास्टिकच्या पडद्यापाशी थांबले. तिथे स्टुलावर त्यांची बॅटरी होती. मी बटण दाबलं. ती लागली नाही. मागून उघडून बघितली तर आत सेलच नव्हते.

मी परत आले, लिंक धुतली, पुन्हा पुसली, पुन्हा मारली. आबांनी मागून विचारलं, "वेळ का लागला ग?" मी म्हटलं, "गन अडकली होती." आबांशी मी पहिल्यांदाच कामाबद्दल खोटं बोलले, आणि ते इतकं सोपं निघालं की मला स्वतःचीच लाज वाटली.

आई स्वयंपाकघरात मटार सोलत होती. मी समोर बसले.

"आई, आबांना दिसत नाही का?"

"दिसतं की," आई म्हणाली. "कडेकडेचं दिसतं. मधलं दिसत नाही."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"दोन महिने झाले. आम्ही बँकेत म्हणून गेलो होतो ना, ते बँकेत नव्हतो गेलो. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो. आतला पडदा झिजलाय म्हणाले. चष्म्याने भागण्यातलं नाही. अगदीच अंधार नाही व्हायचा, पण बारीकसारीक काही दिसणार नाही. तुला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली."

"म्हणून हाताने बघतात."

"हो. आणि सकाळी गुडघ्यांना तेल चोळतात त्याच हातांनी. साबण लावतात, पण त्या तेलाचा हट्टीपणा तुला माहीत नाही. माझ्या उशांनासुद्धा येतो वास."

"मग तळणाचा आळ तू अंगावर का घेतलास?"

"कुणावर तरी यायलाच हवा होता," आई म्हणाली. "तुझ्यावर आला असता तर तू भांडली असतीस."

हे खरं होतं. मी चार मटार खाल्ले.

"त्यांना सांगू नकोस," आई पुढे म्हणाली. "खांदा गेला तेव्हा गन तुझ्याकडे आली. आता त्यांच्याकडे ते 'घ्या' तेवढं राहिलंय. तेही काढून घेतलंस तर दिवसभर करतील काय? इथे येऊन बसतील. मला सांगतील वाटाणा कसा सोलायचा."

हे बोलताना तिने मान वर केली नाही, आणि सोललेले मटार सालांच्या ढिगात टाकत होती. मी ते वेचून परत भांड्यात टाकले.

तर पेच असा होता. सांगितलं तर आबा खोलीतून उठणार, नाही सांगितलं तर रंग लोखंडावरून उठणार. आणि काम कारखान्यात गेलं, तर त्या खोलीत मग 'घ्या' म्हणायला तरी काय उरणार होतं?

मी आधी हातमोजे आणून बघितले. डॉक्टर लोक वापरतात तसले, पातळ. म्हटलं, आबा, थिनर हाताला चांगला नाही म्हणतात, हे घालत जा. त्यांनी एक घातला, तोकड्या बोटाचं रिकामं टोक लोंबलं, आणि त्यांनी तो काढून माझ्याकडे दिला. "हातमोजा घातला की हात बहिरा होतो," ते म्हणाले.

मग मी दुसरी वाट धरली. आईच्या जुन्या उशीच्या निळ्या फुलांच्या अभ्र्यातून दोन फडकी कापली आणि अंगरख्याच्या खिशात लपवली. खोलीत जायचं, आबांनी 'घ्या' म्हणायचं, आबांनी मागे जायचं, आणि कॉम्प्रेसर टाकी भरेपर्यंत मी सगळा भाग नव्याने पुसून काढायचा. पांढरी दोन फडकी आबांच्या हिशोबाची, फुलांची दोन माझ्या चोरीची. उरलेले दोन रोलर असे झाले. एकही खड्डा पडला नाही. खराब झालेले दोन आधीच धुवून नीट केले होते. आबा खूश होते. मास्तरांनी तळण बंद केलेलं दिसतंय, असं ते जेवताना म्हणाले. आईने भाताकडे बघितलं.

मी माझं ताट आवरलं. रोज ते मागे जायचे आणि मी त्यांचा हात पुसायची. ठसे पुसतेय की आबांना पुसतेय हे मला कळेनासं झालं होतं. चोरी पकडली जाईल याची भीती होतीच, पण ती पकडली गेलीच नाही तर काय, याची जास्त वाटायला लागली होती. म्हणजे मग हे असंच चालणार, ते बघितल्याचं नाटक करणार, मी ऐकल्याचं करणार, आणि आम्ही दोघं एकमेकांना फसवत त्या खोलीत म्हातारे होणार.

गुरुवारी बकेट होती. बकेट ही बघण्यासारखी गोष्ट आहे. मी तिच्या आत पाय दुमडून बसू शकते, आणि बसावंच लागतं, नाहीतर आतले कोपरे घासता येत नाहीत. चेनपुलीवर ती टांगली तेव्हा तुळई करकरली. धूळ बसावी म्हणून मी जमिनीवर पाणी मारलं, आतून-बाहेरून पुसायला पाऊण तास घालवला, फडकी बादलीत टाकली आणि मागे जाऊन गन भरून आणली.

आबा बकेटपाशी उभे होते. बॅटरी स्टुलावर होती आणि त्यांचा उजवा पंजा बकेटच्या गालावर, म्हणजे बाजूच्या पत्र्यावर होता, सबंध टेकलेला. मी आले तरी त्यांनी तो काढला नाही. मला वाटलं माझी चाहूल लागली नसेल, म्हणून मी खोकले.

"ऐकू येतं मला," आबा म्हणाले. "कान ठीक आहेत."

त्यांनी पंजा काढला, खिशात घातला आणि बाहेर काढला तेव्हा त्यात निळ्या फुलांची चिंधी होती.

"ही तुझी ना?"

मी गन खाली ठेवली.

"बादलीत सापडली. मी फुलांचं कापड कधी कापत नाही, रंग सोडतं. मला फुलं नीट दिसली नाहीत म्हण, पण नाक आहे. हिला माझ्या गुडघ्यांचा वास येत होता."

"आबा, मी—"

"थांब."

त्यांनी थिनरचा डबा उघडला, चिंधी ओली केली आणि पंजा ठेवला होता ती जागा पुसली. एकाच दिशेने, वरून खाली, मला शिकवलं होतं तसं. मग पांढरं कोरडं फडकं घेऊन उचललं. मग मान वाकडी करून बकेटकडे बघितलं, आधी डावीकडून, मग उजवीकडून. मग सरळ झाले.

"गेला का ठसा?"

ते माझ्या कानाकडे बघत होते. दोन महिने ते माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघत होते, आणि इतके दिवस मला वाटत होतं की मी केस आखूड कापले ते त्यांना आवडलं नाही. ते कडेने बघत होते. मधलं दिसत नव्हतं म्हणून मला नजरेच्या कडेला धरत होते.

मी खिशातून माझी बॅटरी काढली, आडवी धरली. ठसा गेला होता, पण पुरता नाही. खालच्या अंगाला, करंगळी टेकली होती तिथे, शेंगदाण्याएवढी चकाकी राहिली होती. 'गेला' म्हणणं काही कठीण नव्हतं. आबा मागे गेले असते, मी पुसून घेतलं असतं, आणि दोन रोलरच्या सरावाने मला ते जमलंही असतं.

"नाही," मी म्हटलं. "करंगळीपाशी राहिलाय."

आबांनी फडकं माझ्यापुढे धरलं.

"मग पूस की. बघत काय उभी राहिलीस?"

मी त्यांच्या हातातलं फडकं घेतलं आणि पुसलं. बॅटरी धरली.

"आता?"

"आता गेला."

"नक्की?"

"नक्की."

"घ्या," आबा म्हणाले, आणि कॉम्प्रेसरपाशी जाऊन बसले.

मी मास्क लावला आणि सुरू केलं. मास्कच्या आत रडलेलं बाहेर ऐकू येत नाही, हे मास्कच्या खोक्यावर लिहायला हवं. डोळ्यांवरची काच मात्र धुरकटते. बकेटच्या उजव्या गालावर माझ्या प्रायमरचा एक ओघळ आला, आठ वर्षांतला पहिला. तो मी दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपरने काढला आणि वर पिवळा चढवला. खड्डा एकही नव्हता.

शनिवारी सुपरवायझर आला. त्याने सहाही भागांभोवती एक चक्कर मारली, रोलरना नखाने टोचून बघितलं आणि बकेटपाशी थांबला. खिशातून पातं काढलं, टेप काढली. आबांना बरं वाटलं असावं, टेप चांगली होती.

"कुठे कापू?" तो स्वतःशीच म्हणाला आणि मागच्या बाजूला वाकला, जिथे कापलेलं दिसणार नाही.

"तिथे नको," आबा म्हणाले. "इकडे ये."

ते बकेटच्या गालापाशी गेले. डाव्या कडेला अंगठा टेकवला, वीत पसरली, तिथून खाली आणखी दीड वीत मोजली, आणि बोट ठेवलं. "इथे काप."

ती करंगळीची जागा होती. सगळ्या बकेटमध्ये माझा भरवसा नसलेली तेवढीच एक जागा होती, आणि आबांनी ती गुरुवारीच मोजून ठेवलेली होती.

सुपरवायझरने उभ्या सहा आणि आडव्या सहा रेघा कापल्या. लोखंडावर पात्याचा आवाज होतो तो मला एरवी आवडतो. त्याने टेप चिकटवली, अंगठ्याने दाबून घासली, एक टोक धरलं आणि फाडकन ओढली. मग उजेडाकडे धरून बराच वेळ बघितली.

"काय आहे?" आबांनी विचारलं. त्यांनी मला विचारलं, त्याला नाही.

"काही नाही," मी म्हटलं. "कोरी आहे."

"कोरी आहे," सुपरवायझरही म्हणाला. "पास, मिस्त्री. मी तसं कळवतो. गाडी सोमवारी पाठवतो, पाच-सहा भाग आणखी आहेत."

कापलेली जागा तशीच ठेवत नाहीत, तिथून पाणी शिरतं. बारीक ब्रशने रंग भरून बंद करायची असते, आणि ते मिस्त्रीने स्वतः करायचं असा रिवाज आहे. सुपरवायझरने स्टुलावरचा बारीक ब्रश उचलून अदबीने आबांपुढे धरला.

आबांनी तो घेतला नाही.

"तिला दे," ते म्हणाले. "मला एवढं बारीक दिसत नाही आता. पुसायच्या आधी हात फिरवायचा तो मी फिरवेन. पुसल्यावर बघायचं ते तिचं काम."

"बरं," सुपरवायझर म्हणाला, आणि ब्रश माझ्याकडे दिला. त्याच्या दृष्टीने विषय तिथे संपला.

आतून आईचा आवाज आला. "झालं का तुमचं? आता तळू का?"

"तळ," आबांनी हाक दिली. मग म्हणाले, "तुझ्या तळणाचा काही दोष नव्हता ग."

"ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," आई म्हणाली. कढई आधीच चुलीवर चढलेली असणार, कारण लगेच बटाटे पडल्याचा आवाज आला.

मी ब्रश रंगात बुडवला, डब्याच्या कडेला निथळला आणि एकेक रेघ भरायला घेतली. सुपरवायझर वासाच्या दिशेने गेला. आबा गेले नाहीत. सगळ्या रेघा भरून होईपर्यंत ते माझ्या शेजारी उभे राहून माझ्या कानाकडे बघत होते.